जुन्या मोटरयॉटचं हायड्रॉलिक स्टिअरिंग: सील बदलावं की सगळंच नवं घालावं?

मांडव्याहून गेटवेकडे येताना चाक डावीकडे शेवटपर्यंत फिरवलं. सुकाणू आपल्या टोकाला जाऊन अडलं होतं, तरी चाक मऊ मऊ फिरतच राहिलं. बोट दोन इंजिनांची, म्हणून एकाचा जोर कमी आणि दुसऱ्याचा जास्त करत मुरिंगपर्यंत, म्हणजे बोट बांधायच्या जागेपर्यंत, आणता आली. समोरून कंटेनरचं जहाज येत असताना हे झालं असतं तर काय, हा विचार त्या रात्री पाठ सोडत नव्हता.

बोट 1983 सालची. एक चाक केबिनमध्ये, एक वर फ्लायब्रिजवर, म्हणजे केबिनच्या छतावरच्या चालकाच्या जागी, आणि दोन्ही मूळच्या हायड्रॉलिक पंपांना जोडलेली. चाक फिरवलं की पंप तेल ढकलतो, ते मागच्या सिलिंडरचा रॉड सरकवतं आणि सुकाणू वळतं. दुसऱ्या दिवशी दोन सल्ले मिळाले. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, सील-किट टाकू, दोन दिवसांचं काम आहे." शेजारच्या मुरिंगवरचे काका म्हणाले, "चाळीस वर्षं झाली त्याला. उपटून काढ आणि नवीन सिस्टीम बसव." दोघंही आपापल्या बोटींच्या अनुभवातून बोलत होते आणि दोघांचंही बरोबर होतं. तुमच्या बोटीला कोणता सल्ला लागू पडतो, ते मात्र पान्याला हात लावण्याआधीच तपासावं लागतं.

दोष नक्की कुठे आहे?

सगळ्यात आधी सिलिंडर टिलर-आर्मपासून (सुकाणूच्या दांड्यावरच्या आडव्या हातापासून) सोडवा आणि सुकाणू हाताने फिरवून पाहा. ते जड जात असेल तर दोष हायड्रॉलिकचा नाहीच. सुकाणूच्या दांड्याचं बेअरिंग किंवा ग्लँड (पाणी आत येऊ न देणारं पॅकिंग) आवळलेलं असतं, नाहीतर बार्नॅकल, म्हणजे बुडाला चिकटणारे समुद्री शिंपले, चढलेले असतात. अशा बोटीवर नवीन स्टिअरिंग घातलं तरी चाक जडच राहतं आणि पैसे पाण्यात जातात. दोन सुकाणूंना जोडणाऱ्या टाय-बारचे बॉल-जॉइंट झिजले असतील तर चाकात जो ढिलेपणा जाणवतो, तो लोक तेलाच्या माथी मारतात. तेही इथेच तपासा.

मग सिलिंडरकडे जाणाऱ्या दोन्ही लाइन बंद करा. व्हॉल्व्ह नसले तर लाइन सोडवून प्लग लावा. आता चाक फिरवा. ते चटकन कडक झालं तर पंप चांगला आहे. तेल सिलिंडरच्या आत, पिस्टनच्या सीलवरून पलीकडे निसटतंय. तरीही फिरत राहिलं तर पंपात किंवा त्याच्या चेक-व्हॉल्व्हमध्ये (तेल उलटं येऊ न देणाऱ्या झडपेत) दोष आहे. दोन चाकांच्या बोटीवर आणखी एक खूण असते: खालचं चाक फिरवताना वरचं आपोआप फिरू लागलं, तर वरच्या पंपाचा चेक-व्हॉल्व्ह गळतोय. कधी कधी त्यात नुसता कचरा अडकलेला असतो आणि तेल धुऊन बदललं की काम होतं. चाक स्पंजासारखं लागत असेल तर आत हवा आहे. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय आणि काळं झालं असेल तर रबर झिजून त्यात मिसळतंय.

एवढी तपासणी अर्ध्या दिवसात होते. तिच्याआधी दिलेलं कुठलंही कोटेशन मी मानत नाही.

दुरुस्ती

दुरुस्ती करावी की नाही, हे सिलिंडरचा रॉड ठरवतो. तो स्वच्छ पुसून त्यावरून नख फिरवा. नख कुठे अडलं नाही तर सील-किट टाका आणि निर्धास्त राहा. पिटिंग, म्हणजे गंजाचे बारीक खड्डे, लागलं तर नवं सील थोड्याच दिवसांत कापलं जाईल. बोट महिनोन् महिने उभी असते तेव्हा रॉडचा जो भाग बाहेर उघडा राहतो, तिथेच हे खड्डे पडतात, त्यामुळे सुकाणू दोन्ही टोकांना नेऊन सगळा रॉड पाहा.

मुंबईत इथे एक मोह होतो. दारूखान्यात लेथवाले उत्तम आहेत. रॉड घासून, हार्ड क्रोम करून देतो म्हणतात, आणि नागदेवी स्ट्रीटवर मापाचं सील, ओ-रिंग सहज मिळते. पितळी भाग, बुश, पिन यांसाठी मी डोळे मिटून तिथे जातो. पण साध्या लोखंडावर क्रोम चढवलेला रॉड खाऱ्या हवेत टिकत नाही. क्रोमला बारीक चीर गेली की आतून गंज फुगतो. जेसीबीचा किंवा ट्रॅक्टरचा सिलिंडर मापात बसतो म्हणून लावणाऱ्यांनाही हेच भोगावं लागतं. बोटीवर रॉड स्टेनलेस स्टीलचाच हवा.

तेलाबाबतही तेच. या पंपांना पातळ तेल लागतं: अमेरिकन मानकाप्रमाणे एमआयएल-एच-5606, किंवा आयएसओ 15 च्या आसपासचं. दुकानदार हायड्रॉलिक ऑइल म्हणून 46 किंवा 68 नंबरचं, म्हणजे बरंच दाट, तेल पुढे करतो. ते घातलं की चाक जड होतं आणि हवाही नीट निघत नाही. ब्रेक ऑइल तर कधीच घालू नका. त्याने नायट्राइल रबराची सीलं फुगतात आणि नव्या किटचंही वाटोळं होतं.

दुरुस्तीचा फायदा उघड आहे: खर्च नव्या सिस्टीमच्या मानाने फार कमी, आणि डॅशबोर्डला नवं भोक पाडावं लागत नाही. तोटा हा की तुम्ही एकच भाग ताजा करता. सिलिंडर घट्ट झाला की दाब पूर्ण चढतो, आणि मग पंपाचं जुनं शाफ्ट-सील चाकामागून तेल गाळू लागतं. म्हणून दुरुस्ती करायचीच तर दोन्ही पंप आणि सिलिंडर यांची किटं एकदम मागवा. एकेक सील वर्षावर्षाने बदललं तर दर वेळी हवा काढण्याचा तोच सोपस्कार करावा लागतो. एक माणूस वर तेल ओतणार, दुसरा मागच्या खणात सिलिंडरच्या निपलपाशी आडवा. मेच्या उन्हात त्या खणात तासभर काढलेला माणूस ते काम पुन्हा पुन्हा अंगावर घेत नाही.

नवीन सिस्टीम

नवीन घालण्यामागे पहिलं कारण सुटे भाग. या धंद्यात नावं बरीच बदलली. स्टिअरिंग बनवणाऱ्या टेलिफ्लेक्स कंपनीचा बोटींचा विभाग 2011 मध्ये विकला गेला आणि सीस्टार सोल्युशन्स झाला. 2017 मध्ये तो डोमेटिकने घेतला. तुमच्या पंपावरची जुनी पाटी घेऊन दुकानात गेलात तर आज तो भाग वेगळ्याच नावाने मिळू शकतो. पाटी वाचा, फोटो पाठवा, किट मिळतं का ते आधी विचारा. पंपाचं किटच मिळत नसेल तर पुढची चर्चा संपली.

दुसरं कारण ऑटोपायलट. तो पुढच्या दोन-तीन वर्षांत लावायचा असेल तर आत्ताच विचार करा, कारण त्याचा पंप सिलिंडरच्या आकारमानावर ठरतो. रेमरीन कंपनीचा टाइप 1 पंप 80 ते 230 सीसी सिलिंडरसाठी आहे, टाइप 2 हा 160 ते 350 सीसीसाठी. जुन्या सिलिंडरवर आकडा नसेल तर मोजमाप घेऊन हिशेब करावा लागतो.

तो हिशेब एरवीही करायलाच हवा. सिलिंडर 196 सीसीचा आणि पंप फेरीला 28 सीसी तेल ढकलणारा असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाकाच्या सात फेऱ्या. 39 सीसीचा पंप घेतला तर पाच. पाच फेऱ्यांचं चाक तत्पर, पण हाताला जड. सातचं हलकं, पण जेटीशी बोट लावताना हात थकतात. दुकानदार "हाच सगळे घेतात" म्हणून जो पंप देतो तो घेऊ नका. आधी तुमच्या जुन्या चाकाच्या फेऱ्या मोजा आणि त्या तुम्हाला आवडतात का, ते स्वतःला विचारा.

नवीन सिस्टीमबरोबर सहसा लवचिक होजही गळ्यात मारतात. लाइन मूळच्या तांब्याच्या असतील आणि निरोगी असतील तर त्या राहू द्या. लांब होज दाबाने किंचित फुगते आणि चाकाला मऊपणा येतो. तांबं ताठ राहतं. सिलिंडरजवळचा शेवटचा हातभर तुकडा मात्र होजचाच हवा, कारण सिलिंडर हलतो आणि तिथे तांबं थकून तडकतं. नायलॉनच्या जुन्या नळ्या, विशेषतः इंजिनरूममधून गेलेल्या, निमूटपणे बदला.

अर्धं जुनं, अर्धं नवं

बजेट पाहता खूप जण इथे येतात, मीही आलो. पण एक अट आहे. हायनॉटिक बनावटीसारख्या जुन्या सिस्टीममध्ये तेलाची वेगळी टाकी असते आणि तिच्यात सायकलच्या पंपाने साधारण 25 पीएसआय हवा भरलेली असते. आजचे बरेच पंप बिनदाबाचे असतात, सगळ्यात वरच्या पंपाच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं. दाबाच्या सिस्टीममध्ये असा एकच नवा पंप जोडलात तर त्या छिद्रातून तेल डॅशबोर्डवर येणार. म्हणून पंप बदलायचे तर वरचा आणि खालचा दोन्ही बदला, टाकी काढून टाका, दोन्ही पंपांमधली समतोल लाइन नीट चढती ठेवा. सिलिंडर बदलायचा असेल तर मात्र एकटा बदलता येतो, आकारमान जुळवून.

पॉवर-असिस्टचा, म्हणजे चाक हलकं करणाऱ्या यांत्रिक जोडाचा, आग्रहही होतो. सुकाणू हाताने सहज फिरतंय, सीलं ठीक आहेत, पंप योग्य मापाचा आहे, आणि तरीही चाक जड असेल तरच त्याच्याकडे वळा. साठ फुटांच्या आतल्या वेगळ्या वळणाच्या बोटी असतील, पण माझ्या ओळखीच्या जड चाकांचं कारण दर वेळी सुकाणूच्या दांड्यातच सापडलंय.

आता माझं मत. रॉड स्वच्छ, किटं उपलब्ध, ऑटोपायलटचा बेत नाही: दुरुस्ती करा, सगळी सीलं एकदम. रॉडला खड्डे, पण पंप धड: सिलिंडर नवा घ्या. पंपाचं किट मिळत नाही किंवा ऑटोपायलट हवाय: दोन्ही पंप नवे, तांबं जुनंच. पंप, सिलिंडर आणि लाइन तिन्ही बिघडलेली असतील तर काकांचं ऐका आणि मनात शंका ठेवू नका. काम पावसाळ्यात बोट वर काढलेली असताना करा आणि बाहेरून येणारं सामान मार्चमध्येच मागवा. सीमाशुल्काच्या कागदांत एखादं पार्सल अडकलं तर ऑक्टोबर उजाडतो.

माझ्या बोटीचा रॉड नखाला गुळगुळीत लागला. सिलिंडरला किट टाकलं, दोन्ही पंप नवे घातले, टाकी काढली. चाकाच्या फेऱ्या सहावरून सातवर गेल्या. बायकोला हलकं चाक आवडलं, मला अजून सवय होतेय. शेवटी इमर्जन्सी टिलर, म्हणजे स्टिअरिंग बंद पडलं तर सुकाणू हाताने फिरवायचा दांडा, सुकाणूच्या दांड्यावर बसवून पाहिला, तर नव्या होजचा ब्रॅकेट त्याच्या आड येत होता. ब्रॅकेट दोन इंच मागे सरकवला, टिलर दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहिला आणि मगच बोट पाण्यात सोडली.