इंटरव्ह्यूला पायात काय घालायचं? ऑक्सफर्ड, डर्बी, लोफर, हील आणि आपली कोल्हापुरी

फेब्रुवारी-मार्च आला की आमच्या घरात कुणाचा ना कुणाचा एमबीएचा इंटरव्ह्यू असतोच आणि दरवर्षी शेवटच्या आठवड्यात प्रश्न तोच. यंदा बेळगावातल्या अनगोळचा भाचा बेंगळूरला चाललाय आणि निपाणीची पुतणी पुण्याला. दोघांचे मेसेज एकाच रात्री आले, प्रत्येकी चार-चार जोड्यांचे फोटो, आणि भाच्याच्या मेसेजखाली "मामा सांग की लवकर, ऑफर संपूलालीय". ब्लेझर शिवून झाला, सर्टिफिकेटची फाईल लावून झाली, स्वतःबद्दल सांगायचं पाठांतर झालं, आणि गाडी अडली कुठं तर पायात. इंजिनिअरिंग, मेडिकलवाल्यांना हा ताप नाही, त्यांचं सीईटी आणि नीटच्या मार्कांवर भागतं, समोर बसून तोंड दाखवायची पाळी मॅनेजमेंट आणि डिझाइनवाल्यांवर येते. म्हणून दोघांना जे सांगितलं तेच इथं लिहितो.

बुटाला कुणी मार्क देत नाही हे आधीच सांगतो. पण चावणारा बूट मार्क खातो. तुम्ही उत्तर देताय आणि टाचेवर फोड फुटूलालाय, तर अर्धं डोकं टाचेतच असतं. त्यामुळं मी सगळ्या जोड्या एकाच हिशोबानं तोलतो, खुर्चीत बसल्यावर पायाची आठवण येते की नाही.

माझा किस्सा सांगतो आधी. मी नवीन घेतलेच नाहीत, मोठ्या भावाच्या लग्नातले ब्राऊन बूट होते, एकदाच घातलेले, मग चार-पाच वर्षं माळ्यावर खोक्यात, बाहेरून बघाल तर नवेकोरे. रातच्या बसनं स्वारगेट, तिथनं रिक्षा, कॉलेजात वेटिंग हॉलमध्ये बसलो तर पांढऱ्या फरशीवर काळे काळे तुकडे पडलेले. मला वाटलं कुणीतरी चॉकलेट केक सांडलाय. मागं वळून बघतो तर ते तुकडे दारापासून माझ्याच खुर्चीपर्यंत आलेले. सोलचा भुगा झाला होता हो अक्षरशः, डाव्या पायाचा तर अर्धा हातात आला. पॅनेलनं काय विचारलं ते आज आठवत नाही, डावा पाय जमिनीवरनं उचलायचा नाही एवढंच डोक्यात होतं. अ‍ॅडमिशन मिळाली नाही, अर्थात इकॉनॉमिक्सच्या प्रश्नावर पण आपटलोच होतो, सगळं बुटावर ढकलत नाही.

नंतर कळलं, बऱ्याच बुटांचा सोल पीयूचा म्हणजे पॉलियुरेथेनचा असतो, हवेतली ओल त्याला हळूहळू आतून खाते, त्याला हायड्रोलिसिस म्हणतात. आणि न वापरता बंद खोक्यात ठेवले की उलट जास्त लवकर जातात, वापरातले टिकतात. आता आपल्याकडं जून ते सप्टेंबर खानापूर-बेळगाव भागात कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या बेल्टला बुरशी येते, तिथं माळ्यावरच्या बुटाचं काय होणार. म्हणून भावाचे, वडलांचे, मित्राचे घालणार असाल तर आठवडाभर आधी सोल अंगठ्यानं दाबा, बूट वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या किंवा चिकट लागलं तर नको. आणि घरातच तासभर घालून फिरा. उसनं विरुद्ध नवीन ह्यात पैसे वाचवायचे असतील तर उसनं चालतंय, पण वापरातलं उसनं, जपून ठेवलेलं नको.

आता पोरांची खरी लढत, ऑक्सफर्ड की डर्बी. दुकानात दोन्ही काळे, दोन्ही लेसचे, सेल्समन दोन्हीला फॉर्मलच म्हणणार. फरक लेसच्या पट्ट्यात. ऑक्सफर्डला त्या दोन पट्ट्या पुढच्या चामड्याच्या खालून शिवलेल्या असतात, त्यामुळं बूट वरनं बंद आणि गुळगुळीत दिसतो. डर्बीला त्या वरनं शिवलेल्या, मोकळ्या, दोन्ही बाजूंना उघडतात. नियमाच्या पुस्तकात ऑक्सफर्ड एक पायरी वर, पण पुस्तक आपला पाय बघून लिहिलेलं नाही. आपण लहानपणापासून चपलेत आणि अनवाणी वाढलेले, चवडा पसरलेला, बऱ्याच जणांच्या पायाचा वरचा भाग उंच. असा पाय ऑक्सफर्डात घातला की लेस बांधल्यावर पट्ट्या जुळतच नाहीत, मधे इंग्रजी व्ही सारखी फट राहते आणि वरनं शीर दाबली जाते. मग पोरं काय करतात, एक नंबर मोठा घेतात, आता वर बरं वाटतं पण टाच मागं निसटते, निसटली की घासते, घासली की फोड. डर्बी असल्या पायाला सैल सोडता येतो, रातभर बसनं पाय सुजले तरी लेस ढिली केली की झालं.

म्हणून माझं मत सरळ आहे, पाय बारीक आणि सपाट असेल आणि लेस बांधल्यावर पट्ट्या जवळजवळ भिडत असतील तर ऑक्सफर्ड घ्या, झकास दिसतो. नाहीतर डर्बी. पॅनेलमधल्या कुणालाही टेबलापलीकडून हा फरक दिसत नाही. फक्त डर्बी घेताना पुढचा भाग फार गोल आणि जाड सोलचा घेऊ नका, शाळेचे बूट वाटतात, आणि लग्नात घालतात ते टोकदार चकचकीत पण नकोत, तुम्ही नवरदेवाचे करवले म्हणून चाललेला नाहीत.

लोफर? घालायला सोपा, लेस नाही. पण लेस नाही म्हणजे पकडपण नाही. दुकानात सकाळी बरोब्बर बसतो, संध्याकाळी आवळतो, महिन्यानं सैल होतो. ज्यांचा आधीपासून वापरातला, पायात बसलेला काळा प्लेन लोफर आहे त्यांनी तोच घालावा, फुंदेवाला नको. नवीन घेणार असाल तर त्याच पैशात डर्बी बरा.

काळा की ब्राऊन ह्यावर लोक लई वेळ घालवतात. काळ्या पँटवर ब्राऊन नको, नेव्हीवर आणि ग्रेवर दोन्ही चालतं, बेल्ट बुटाच्या रंगाचा. एकच जोडी घेणार असाल तर काळी, पुढं नोकरीला पण तीच चालते. मोजे पँटच्या रंगाचे आणि पोटरीपर्यंत येणारे, नाहीतर खुर्चीत बसल्यावर पँट वर जाते आणि मधला केसाळ पट्टा पॅनेलला दिसतो. पांढरे स्पोर्टचे मोजे घालून गेलेला एक मित्र आहे माझा, त्याला आम्ही अजून मायकल जॅक्सन म्हणतो. स्नीकरचं विचारूच नका, घरनं ऑनलाइन असेल तर काय घालायचं ते घाला.

चामडं की रेक्झिन, हा बजेटचा प्रश्न. रेक्झिन नवीन असताना चामड्यापेक्षा जास्त चमकतं, मग चवड्याजवळ जिथं बूट दुमडतो तिथं साल निघते आणि एकदा निघाली की पॉलिश त्यावर बसत नाही. चामडं दुमडतं, सुरकुतते, पण पॉलिश पितं आणि आठ-दहा वेळा घातलं की पायाचा आकार घेतं. पैसे कमी असतील तर रेक्झिनवर एक सीझन निघतो, त्यात लाज नाही. पण चामड्याच्या सोलचे भारीतले बूट मात्र पहिल्यांदा घालून गुळगुळीत ग्रॅनाइटवर जाऊ नका, घसरतात. रबरी सोल बरा.

आता मुलींचं. इथं पर्याय जास्त आणि सल्ले त्याहून जास्त. पुतणीचं भांडण ब्लॉक हील आणि सपाट बॅलरीना ह्या दोघात होतं, पेन्सिल हील तिनंच बाद केली, बरं केलं. बेंगळूरचं आयआयएम बघितलंय का, बन्नेरघट्टा रोडवरचं, बाळकृष्ण दोशींनी डिझाइन केलेलं, दगडी भिंती आणि लांबच लांब कॉरिडॉर. असल्या ठिकाणी फरशीच्या सांध्यात पेन्सिल हीलचं टोक अडकायला वेळ लागत नाही. इंटरव्ह्यू दरवेळी कॅम्पसवरच असतो असं नाही, हॉटेलात पण ठेवतात, तिथं जाड कार्पेट, त्यात पण टोक रुततंच.

ब्लॉक हील दीड-दोन इंचाची असेल तर फॉर्मल पँट आणि साडी दोन्हीला जमते, चालताना वजन पसरतं, पण टाचेखालचं रबराचं टोपण बघून घ्या. ते झिजलं की आतला खिळा टेकतो आणि शांत कॉरिडॉरमध्ये टॉक टॉक टॉक अशी तुमची वर्दी तुमच्याआधी आत जाते. कुठलाही बूट शिवणारा दहा मिनिटात बदलून देतो. बॅलरीना आवाज करत नाही, पळता येतं, पण लई पातळ सोलची असते, उभं राहून राहून टाच दुखते, आणि तासाभरानं मागची इलॅस्टिक काचते. ज्यांना हीलची सवय नाही त्यांनी इंटरव्ह्यूच्या निमित्तानं सवय लावायला जाऊ नये, जाडसर सोलचा बंद फ्लॅट घ्यावा. मागनं उघडे म्यूल मात्र नकोत, प्रत्येक पावलाला फटक फटक वाजतात.

आणि एक, जे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. माझ्या मित्राची बायको बँकेत आहे, नोकरी करत एक्झिक्युटिव्ह एमबीए करायचं म्हणून इंटरव्ह्यूला गेली, नवीन पुढनं निमुळते शूज घालून, आणि पायात जोडवी. जोडवी बाजूच्या बोटात इतकी रुतली की परत येताना चपला काढून हातात घेतल्या. चपलेत जोडवी कळत नाहीत, बंद बुटात कळतात. तेव्हा पुढनं गोल किंवा चौकोनी तोंडाचे घ्या, आणि जोडवी घालूनच ट्राय करा. पैंजण वाजत असतील तर तेवढा दिवस घरी ठेवा. साडी नेसणार असाल तर जे पायात घालणार तेच घालून नेसा, दोन इंचानं निऱ्यांची सगळी गणितं बदलतात. पोरांनो तुम्ही पण, पँट अल्टर करायला टेलरकडं जाताना बूट घालून जा.

आता कोल्हापुरी. पुतणीनं चौथा फोटो तोच पाठवला होता, कुर्त्यावर चालेल का काका म्हणून. मन म्हणतं हो म्हणावं. नाव कोल्हापूरचं असलं तरी अथणी, निपाणी ह्या आपल्या भागात पण पिढ्यान्‌पिढ्या बनते, 2019 ला जीआय, म्हणजे मूळ भागाच्या नावाचा कायदेशीर हक्क, मिळाला तो कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार असा आठ जिल्ह्यांना मिळून, म्हणजे सीमाप्रश्न चपलेनं केव्हाच मिटवलाय. पण एमबीएच्या पॅनेलपुढं बंद बुटाची अपेक्षा असते, उघडा पाय अजून कॅज्युअलच समजतात, आणि नवी कोल्हापुरी अशी चावते की विचारू नका, तेल पाजून पंधरा दिवस घातल्याशिवाय ती आपली होत नाही. शिवाय करकर. कोल्हापुरीची करकर हौसेनं मागून घेतात लोक, पण चार जण गप बसलेल्या खोलीत नको वाटते. साध्या बुटाची करकर होत असेल तर आतली सुकतळी उचलून थोडी टाल्कम पावडर टाका, बहुतेक वेळा थांबते.

डिझाइनचं वेगळं आहे. एनआयडी ह्या सरकारी डिझाइन कॉलेजच्या मास्टर्सच्या इंटरव्ह्यूला वगैरे स्वच्छ, नीट बसलेली कोल्हापुरी मला ब्लेझरपेक्षा शहाणी निवड वाटते, फक्त ती कशी बनते हे सांगता आलं पाहिजे, की चामडं वनस्पतींच्या सालीनं कमावतात, खिळा न मारता शिवतात. आणि एमबीएला जाताना पायात नसली तरी डोक्यात असू दे, कारण गावाबद्दल हमखास विचारतात, आणि 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा ह्या इटलीच्या भारीतल्या ब्रँडनं तसल्याच चपला दाखवल्या आणि वाद झाल्यावर प्रेरणा भारतातली असल्याचं मान्य केलं, ह्यावर निपाणीच्या पोरीला बोलता आलं नाही तर कुणाला येणार.

प्रवासाचं थोडक्यात. बेंगळूर असो की पुणे, रातभर प्रवास बूट घालून करू नका, चप्पल घाला, बूट पिशवीत, आत मोजे कोंबून म्हणजे आकार राहतो. खरेदी संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो, तोच खरा नंबर. पॉलिश आदल्या रात्री, सकाळी नाही, नाहीतर पँटच्या कडेला लागतं. पॉलिश कसं दिसावं हे बघायचं असेल तर बेळगावच्या कॅम्पात लष्कराच्या मराठा सेंटरच्या जवानांचे बूट बघा, थेंबभर पाणी आणि कापड, गोल गोल, घाई न करता. आणि खानापूरकडच्यांनी जुना टूथब्रश घेऊन सोलच्या शिलाईतली तांबडी माती काढा, काळ्या बुटावर ती लांबूनच दिसते.

पुतणीनं ब्लॉक हील घेतली, दीड इंच, चौकोनी तोंडाची. भाच्यानं ऑक्सफर्ड घालून बघितला, व्हीची फट बघून स्वतःच परत ठेवला. काल रात्री त्याचा फोटो आला, अंगात बनियन, खाली हाफ चड्डी आणि पायात काळे डर्बी मोज्यांसकट, दोन तास घालून बसलाय म्हणे मॅच बघत. सोबतच्या व्हॉइस नोटमध्ये मागं माझ्या बहिणीचा आवाज, फरशी आत्ता पुसलेली दिसत नाही काय रे तुला.