हेडलेस सीएमएसमधला मेन्यू: रिकाम्या हेडरनंतरचं मत

आमच्या साइटचा मेन्यू हेडलेस सीएमएसमध्ये होता: मजकूर तिथे साठवायचा, आणि साइटच्या कोडने तो मागवून पानं बनवायची (हा बिल्ड) आणि सर्व्हरवर चढवायची (हा डिप्लॉय). बिल्ड हिरवा, डिप्लॉय यशस्वी, आणि साइटच्या हेडरमध्ये नुसता लोगो. मेन्यू गायब! कुणीतरी दुरुस्तीसाठी मेन्यूची एंट्री अनपब्लिश केली होती. एपीआयने (सीएमएसमधला मजकूर कोडला देणाऱ्या दुव्याने) इमानेइतबारे २०० स्टेटस ('सगळं ठीक') आणि रिकामी यादी, म्हणजेच रिकामा अ‍ॅरे पाठवला. रिकामा अ‍ॅरे म्हणजे एरर नव्हे, त्यामुळे कुठेच काही अडलं नाही. सपोर्टचं म्हणणं, सिस्टीम ठरल्याप्रमाणेच चालतेय. चालतेय खरी!

मुळात लिंका मोजक्या, त्याही क्वचित बदलणाऱ्या. कोडमध्ये त्या एका फाइलीत बसायच्या, कुणी काय बदललं ते गिटमध्ये (कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीत) दिसायचं. इथे तेवढ्यासाठी कंटेंट मॉडेल (मजकुराचा साचा), टोकन (एपीआयची किल्ली), वेबहुक (बदल झाल्याचा निरोप), कॅश (साठवलेली प्रत). शिवाय मेन्यू प्रत्येक पानावर, म्हणजे स्टॅटिक साइटवर (जिथे पानं आधीच बनवून ठेवतात) एक शब्द बदलला की सगळी पानं नव्याने. बिल्डच्या मिनिटांचे पैसे मी भरतो, म्हणून जास्त टोचतं.

उपमेन्यू दिसत नसेल तर आधी क्वेरी (सीएमएसकडे केलेली मागणी) बघा. स्ट्रॅपी या सीएमएसमध्ये 'पॉप्युलेट' लिहिल्याशिवाय रिलेशन (जोडलेल्या एंट्री) येत नाहीत. कंटेंटफुल या दुसऱ्या सीएमएसमध्ये 'इन्क्लूड' न वाढवल्यास रेफरन्सची (एका एंट्रीतून दुसरीकडे दिलेल्या जोडाची) एकच पातळी मिळते, वाढवून कमाल १०.

वैतागून मेन्यू कोडमध्ये परत आणला. इथवरचं मत: सीएमएस नको.

मग साइटला दुसरी भाषा जोडली आणि चित्र पालटलं. भाषांतरातल्या एका वेलांटीसाठीही पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल मंजुरीला पाठवणं)! त्यात संपादक पानाचा स्लग (पत्त्यातला पानाच्या नावाचा भाग) बदलायचे आणि माझी कोडमधली लिंक ४०४ वर, म्हणजे 'पान सापडलं नाही' वर जायची. सीएमएसमध्ये मेन्यूतली लिंक मजकूर म्हणून न टाकता पानाचा रेफरन्स म्हणून दिली, तर नवा स्लग आपोआप येतो. ही एक सोय मात्र खरंच लाखमोलाची.

सध्या वरच्या मुख्य लिंका कोडमध्ये, उपमेन्यू आणि फूटर सीएमएसमध्ये. यादी रिकामी आली तर बिल्ड मुद्दाम पाडतो, म्हणजे जुनी साइट तशीच राहते. ही ओळ कुठल्याच 'सुरुवात करा' गाइडमध्ये मला दिसली नाही.

अनपब्लिशची परवानगी ठरावीक लोकांनाच द्यायची तर आमच्या सीएमएसमध्ये वरचा प्लॅन घ्यावा लागतो. तो घेणार नाही. नूतनीकरणाआधी निम्म्या सीट (सीएमएसची पैसे भरून घेतलेली खाती) बंद करतोय. मेन्यूपर्यंत पोचणारे हात तेवढेच कमी, आणि बिलही.