अख्खं पाकीट की शिक्क्यापुरतं कात्रण?

रजिस्टर पत्रांवरचे चमत्कारिक जुने शिक्के जमवू लागलेल्या एका मैत्रिणीने विचारलं, अख्खं पाकीट घ्यावं की शिक्क्यापुरतं कात्रण?

शिक्का कुठला, हे ओळखायला कात्रण कधीकधी पुरतं. 1867 पूर्वीच्या भारतीय तिकिटावरच्या शिक्क्यात 'बी 172' हा टपाल कचेरीचा सांकेतिक क्रमांक दिसला तर ते सिंगापूर. तिथे तेव्हा भारताचीच तिकिटं चालत. ब्रिटिश तिकिटावरचं 'ए 26' म्हणजे जिब्राल्टर. पण नुसता लंबगोल शिक्का असेल आणि गावाचं नाव पुसलं असेल, तर कात्रण मुकं होतं. अशा वेळी पाकीट उलटं करा. रजिस्टर पत्राची हातोहात नोंद व्हायची, म्हणून मागे वाटेतल्या नि पोचल्याच्या ठिकाणांचे शिक्के मिळतात. पुढे नोंदणी क्रमांक, बहुधा कचेरीचं नावही. या तारखा ओळीने लावल्या की पत्राचा प्रवास उलगडतो. मला या छंदात सर्वांत जास्त आनंद इथेच मिळतो!

बनावटही पाकिटावर लवकर पकडता येते: पोचल्याची तारीख निघाल्याच्या आधीची असेल, तर काहीतरी गडबड आहे. कात्रणावर हा ताळा जमत नाही.

खर्चात आणि जागेत मात्र कात्रण स्वस्त नि सुटसुटीत.

शिक्क्यांचे प्रकार शेजारीशेजारी लावून बघायचे असतील, तर कात्रणं घ्या. एखादा शिक्का आला कुठून, याचा छडा लावायचा असेल, तर थोडीच घ्या, पण पाकिटंच. आणि हाती आलेल्या पाकिटाला कृपा करून कात्री लावू नका.