मेक्सिकन सूर्य: शाडू की एअर-ड्राय क्ले?

मुलांच्या शिबिरासाठी कोणती माती घेऊ, असं मैत्रिणीने विचारलं. करायचा आहे मेक्सिकोतल्या मेतेपेकचे कुंभार घडवतात तसा, डोळे-नाक-ओठ असलेला सूर्य.

खर्चात शाडू सरस. बिघडलं तर भिजवून पुन्हा मळता येते. खरी परीक्षा किरणांची. शाडूची बारीक टोकं वाळताना तडकतात, धक्का लागला की तुटतात. म्हणून किरणं जाड, आखूड ठेवा आणि जोडताना दोन्ही बाजूंना ओरखडे काढून पातळ चिखल लावाच. एअर-ड्राय क्ले, म्हणजे न भाजता हवेतच वाळून घट्ट होणारी तयार माती, महाग; उघडी राहिली की कडक होते. पण तिची नागमोडी किरणं जास्त टिकतात. पाणी दोन्हींना सोसत नाही.

लहानग्यांच्या मोठ्या गटाला शाडूच द्या, मनसोक्त मळू देत. भिंतीवर टांगायचा सूर्य हवा असेल तर एअर-ड्राय क्ले घ्या.