आठ इंची डॉब्सनियन, इंदूरचं परस आणि डोक्यावरचा गुरू: दिवाळी ते पावसाळा वापरून झाल्यावर

ग्रहामागे आपोआप फिरवणारी मोटर नसलेल्या दुर्बिणीतून ग्रहांचे फोटो निघत नाहीत, असं मला ऑफिसातल्या हौशी मित्रापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांनी बजावलं होतं. निघतात. २०२५च्या दिवाळीत घेतलेली आठ इंची डॉब्सनियन दुर्बीण पहिला पाऊस पडेपर्यंत वापरली. त्यात काय जमलं, कशानं डोकं खाल्लं, ते सविस्तर लिहिते.

आधी यंत्र. २०३ मिलिमीटरचा आरसा, १२०० मिलिमीटर नाभीय अंतर, खाली पार्टिकल बोर्डाचा फिरता पाया. हेच यंत्र वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं, त्यामुळे नावाचा आग्रह धरू नका, आरसा बघा. किंमत बऱ्यापैकी स्कूटरपेक्षा कमी. कॅमेरा एएसआय २२४ एमसी, सेकंडहँड, जोडीला २एक्स बार्लो, म्हणजे प्रतिमा दुप्पट मोठी करणारं भिंग. या दुर्बिणीची रचना जॉन डॉब्सन यांची, म्हणून नाव डॉब्सनियन. हा गृहस्थ १९४४ पासून १९६७ पर्यंत कॅलिफोर्नियात वेदान्त सोसायटीचा संन्यासी होता आणि टाकाऊ सामानातून दुर्बिणी बनवून रस्त्यावरच्या लोकांना आकाश दाखवायचा. मोटर, संगणक वगैरे उपाधी या यंत्राला का नाहीत, ते यावरून कळावं.

इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले इंग्लंड-अमेरिकेतल्या आकाशासाठी लिहिलेले असतात. इथेच आपली पहिली फसगत होते. ते सांगतात, शहराबाहेर जा. तेजोमेघ टिपायचे असतील तर जावंच लागेल, पण चंद्र आणि गुरू इतके तेजस्वी आहेत की लोकमान्य नगरातल्या आमच्या घरामागचा एलईडी दिवा त्यांचं काहीही बिघडवत नाही. ते सांगतात, ग्रह क्षितिजाजवळ असला की हवेमुळे त्याच्या कडेला निळी-तांबडी झालर येते, ती घालवायला महागडा डिस्पर्शन करेक्टर घ्या. २०१९-२० मध्ये लंडनहून गुरू कसाबसा सोळा-सतरा अंश वर यायचा, त्यांना तो लागणारच. आपण २२.७ अंश अक्षांशावर आहोत, कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं पलीकडून जातं. यंदाच्या हिवाळ्यात गुरू मिथुन राशीत, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ होता, १० जानेवारीला प्रतियुतीत (म्हणजे आपल्याकडून बघता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला) आला आणि मध्यरात्रीच्या सुमारास जवळपास बरोब्बर डोक्यावर. करेक्टरचे पैसे वाचले.

पण डोक्यावरचा ग्रह म्हणजे डॉब्सनियनची दुखरी नस. नळी सरळ उभी झाली की पाया डावी-उजवीकडे कितीही फिरवा, ती जागच्या जागी गिरकी घेते, ग्रह हाती लागत नाही. शिवाय नेम धरायच्या, लाल ठिपक्याच्या फाइंडरमधून बघायला मान मोडून घ्यावी लागते. यावर उपाय वेळेचा: गुरू माथ्यावर यायच्या दीड तास आधी किंवा दीड तास नंतर शूटिंग करायचं. तेव्हा तो सत्तर अंशांच्या आसपास असतो, हवा तितकीच चांगली आणि नळी माणसासारखी वागते. मधल्या वेळात चहा.

आता जागेबद्दल, कारण माझ्या मते सगळं इथेच ठरतं. सगळे गच्चीवर जायला सांगतात. आमच्या गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत उष्णता सोडत बसतो. लॅपटॉपवर गुरू वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा हलतो. परसात माती आहे, कढीपत्ता, जास्वंद आणि थोडं गवत आहे. तिथे दुर्बीण ठेवली की तीच रात्र, तोच ग्रह, पण गुरूचे पट्टे स्थिर दिसतात. तेही सगळ्या दिशांना नाही. पूर्वेला शेजाऱ्यांचं दुमजली घर, ग्रह त्यांच्या छतावर असेपर्यंत कॅमेरा जोडूच नये. एप्रिलपासून आजूबाजूचे कूलर सुरू झाले की खिडकीतून येणारा दमट झोत नेमका परसात उतरतो. तेव्हा पहाटे उठायचं किंवा नाद सोडायचा.

आरसा थंड व्हायला तासभर द्यावा लागतो, हिवाळ्यात तर नक्कीच. संध्याकाळी स्वयंपाकाला लागण्याआधी मी दुर्बीण तुळशीवृंदावनाशेजारी ठेवून येते. सुरुवातीला सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती एकटी बाहेर काय करतेय?" आता त्याच आठवण करतात.

फोटो काढायची खरी गंमत अशी की फोटो काढायचाच नसतो, व्हिडिओ घ्यायचा असतो. हवा क्षणाक्षणाला हलते, त्यामुळे हजारो चौकटी (फ्रेम) घेऊन त्यातल्या चांगल्या तेवढ्या निवडून एकावर एक रचायच्या. बार्लो लावल्यावर माझ्या कॅमेऱ्यात आकाशाचा सात कलांचा (एक अंश म्हणजे साठ कला) तुकडा मावतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे गुरू अर्ध्या मिनिटात एका कडेकडून दुसऱ्या कडेला जातो. मी त्याला डाव्या कडेला आणून हात काढते, थरथर थांबेपर्यंत दोन श्वास थांबते, तो तरंगत उजवीकडे पोचला की नळीला बोटाने हलकेच ढकलून पुन्हा डावीकडे. असे दोन मिनिटांत चार फेरे. जास्त वेळ घेऊन उपयोग नाही, गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्याचे ठिपकेच पुसट होतात.

मोटरवाले ग्रहाभोवतीची छोटी चौकट कापून घेतात. आपल्याला ग्रह तरंगू द्यायचा असतो, म्हणून पूर्ण चौकट लागते. सेकंदाला शंभर चौकटींच्या हिशेबाने दोन मिनिटांची फाइल पंधरा जीबीपर्यंत जाते. जुन्या हार्ड डिस्कला हा वेग झेपत नाही, ती चौकटी गाळत बसते. मोटरपेक्षा एसएसडी आधी घ्या. रेकॉर्डिंग शार्पकॅपमध्ये, ग्रह मधोमध आणून कापायला पिप, रचायला ऑटोस्टॅकर्ट, धार काढायला रेजिस्टॅक्स. सगळी फुकट मिळतात, शार्पकॅपची साधी आवृत्ती पुरते. रेजिस्टॅक्समधल्या स्लायडरच्या पट्ट्या मात्र जपून ओढाव्यात. जरा हात सुटला की गुरूच्या कडेला कांद्यासारख्या चकत्या दिसतात. आणि या कॅमेऱ्याला अतिनील आणि अवरक्त प्रकाश अडवणारा यूव्ही-आयआर कट फिल्टर हवाच, नाहीतर रंग भलतेच येतात.

चांगल्या रात्री गुरूचे दोन मुख्य पट्टे, त्यांच्यातली वळणं, लाल डाग आणि गुरूच्याच चंद्राची सावली तबकडीवरून सरकताना मिळाली. नासाच्या फोटोंची अपेक्षा ठेवणाऱ्याने हे घेऊ नये.

शनीने निराशा केली, पण तो दुर्बिणीचा दोष नाही. २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याला जवळपास धारेवरून दिसत होती. नोव्हेंबरच्या शेवटी तर गोळ्यातून आरपार गेलेली सुई. साडेसातीवाले एक काका मुद्दाम शनी बघायला आले, डोळा लावून म्हणाले, "कडं कुठंय?" वर्षागणिक ती उघडत जातील. मंगळ अख्खा हिवाळा सूर्याच्या आसपास दडलेला, त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही.

चंद्रावर मात्र पैसे वसूल. पौर्णिमा टाळा, सपाट पांढरी थाळी हाती येते. शुद्ध सप्तमी ते दशमी हा सुकाळ. अष्टमीला अपेनिन पर्वताच्या सावल्या, नवमीला ११० किलोमीटर लांबीची 'सरळ भिंत' नावाचा कडा आणि ९३ किलोमीटर रुंद कोपर्निकस विवर. हवा किती स्थिर आहे याची माझी परीक्षा म्हणजे प्लेटो विवर: त्याच्या गुळगुळीत तळावर दोन-अडीच किलोमीटरची बारीक विवरं आहेत. ती दिसली तर झोप रद्द. दक्षिण कडेला मँझिनस विवर ओळखायला शिकले, चांद्रयान-३ त्याच भागात २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलं. यान दिसत नाही, हे पाहुण्यांना दर वेळी सांगावं लागतं. बार्लो काढला तरी अख्खा चंद्र एका चौकटीत मावत नाही, तुकडे घेऊन जोडावे लागतात.

तक्रारी. आरसे एका रेषेत जुळवायला सोबत आलेला लेझर कोलिमेटर स्वतःच वाकडा निघाला: लाकडी खोबणीत ठेवून फिरवला की भिंतीवरचा लाल ठिपका गोल फिरायचा. विक्रेत्याने बदलून द्यायला टाळाटाळ केली, शेवटी मी तो बाजूला टाकला. आरसा आता ताऱ्यावर जुळवते: पुनर्वसूचा तारा थोडा फोकसबाहेर काढायचा आणि त्याभोवती दिसणारी वर्तुळं एककेंद्री होईपर्यंत मागचे स्क्रू फिरवायचे. फोकसर ढिला आहे. पार्टिकल बोर्डाचा पाया दवाने खालून फुगू लागला, त्याला वॉर्निश आणि खाली रबरी बूच लावले. डिसेंबर-जानेवारीत नळीच्या तोंडाजवळच्या छोट्या दुय्यम आरशावर आणि बार्लोवर दव धरतं. हेअर ड्रायर कमीत कमी तापमानावर, लांबून. नळी आणि पाया मिळून वजन वीस किलोच्या वर, रोज जिना चढणाऱ्याने सहा इंची घ्यावी. पावसाळ्यात आरशावर बुरशी धरते, म्हणून नळीची दोन्ही तोंडं झाकून आत सिलिका जेल, आणि कोरडी दुपार मिळाली की सावलीत उघडून हवा.

पुढची खरेदी ३एक्स बार्लो. १९ फेब्रुवारी २०२७ ला मंगळ प्रतियुतीत येतोय, पण तेव्हाही जेमतेम चौदा आर्कसेकंदांचा (एका कलेत साठ आर्कसेकंद), म्हणजे माझ्या आत्ताच्या जुळणीत चाळीस-पंचेचाळीस पिक्सेल. तेवढ्यात ध्रुवावरची टोपी दिसेल, बाकी तांबडा ठिपका.