बटण टायर, कच्चे रस्ते आणि ग्रुप राइड: काही महिन्यांनंतर

अ‍ॅडव्हेंचर बाइकचे मूळचे टायर काढून निम्मे डांबरी, निम्मे कच्च्या रस्त्याचे बटण टायर (ज्यांवर रबराचे मोठे उंच ठोकळे, म्हणजे बटणं असतात) बसवले, त्याला आता बरेच महिने झाले. एकट्याने कमी फिरलो, ग्रुपबरोबर जास्त. मुरूम, खडी, चिखल आणि ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या. त्यामुळे हा अनुभव टायरचा आहे तितकाच ग्रुपचाही.

मागच्या टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, 69क्यू लिहिलंय, म्हणजे 325 किलो भार आणि ताशी 160 किलोमीटर कमाल वेग. सामान बांधून जाणाऱ्याने घेण्याआधी हे जरूर वाचावं. साइडवॉलवरचे, टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडेही बघा. 3523 असेल तर टायर 2023 सालच्या 35व्या आठवड्यातला.

ग्रिपबद्दल सगळेच विचारतात. ग्रिप उत्तम आहे, पण हवा कमी केली तरच. डांबरी रस्त्याच्या प्रेशरवर हेच टायर खडीवर टणाटण उडतात आणि हँडल हातात थरथरत राहतं. माझ्या गाडीच्या आणि सामानाच्या वजनाला पुढे 24 आणि मागे 26 पीएसआय जमतं, तेही टायर थंड असताना मोजून. एवढ्यावर टायर दगडाला कवेत घेतो, जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि मागचं चाक उगाच घसरायचं थांबतं. याच्या फार खाली मात्र जाऊ नका, विशेषतः ट्यूब असेल तर. धारदार दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटून फाटते. कडक ब्रेक मारला की टायर रिमवर सरकतो, ट्यूबही ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून उखडतो.

म्हणून आमच्या ग्रुपचा एक नियम आहे, डांबर संपलं की सगळ्यांनी थांबायचं आणि हवा उतरवायची. डांबर परत लागलं की कॉम्प्रेसर काढायचा, कारण कमी हवेवर वेगाने पळवलं तर साइडवॉल सतत दुमडून तापते. दोन्ही वेळी वेळ जातो, काही जण कुरकुरतात. मी या नियमावर ठाम आहे.

ग्रुपमध्ये सगळ्यांचे टायर एकसारखे नसतात, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. पुढचा रायडर बटण टायरवर आरामात उशिरा ब्रेक मारून वळतो. मागचा रोड टायरवर त्याचंच बघून तिथेच ब्रेक मारतो आणि सरळ झुडपात जातो. धुळीत तर पुढच्याचा ब्रेक लाइटही दिसत नाही. आता निघण्यापूर्वी प्रत्येकाचे टायर बघतो, ज्याची ग्रिप सर्वांत कमी त्याच्या हिशेबाने वेग ठरतो आणि धूळ बसेपर्यंत मागच्याने अंतर सोडायचं.

दुसरं म्हणजे पंक्चरचं सामान कायम शेवटच्या रायडरकडे. जो थांबेल त्याच्यापर्यंत शेवटचाच पोहोचतो. किट पुढे निघून गेलं तर त्याचा उपयोग शून्य. आमच्यात बहुतेकांचं पुढचं चाक 21 इंची आहे, म्हणून त्याच मापाची ट्यूब बरोबर असते. अडीअडचणीला ती मागच्या 17 किंवा 18 इंची चाकातही कोंबून बसवता येते. मात्र ती तात्पुरती, योग्य मापाची मिळाली की बदलायचीच.

मध्यंतरी माझंच मागचं चाक बसलं. या टायरच्या कडा इतक्या कडक आहेत की बीड (रिममध्ये घट्ट बसणारी टायरची कडा) पायाने सुटेना. मग चाक काढून आडवं टाकलं, शेजारच्या गाडीचा साइड स्टँड रिमला लागून टायरवर टेकवला आणि दोघांनी गाडी त्या बाजूला कलती केली. फट्‌ असा आवाज आला आणि बीड सुटलं. ट्यूब बाहेर काढल्यावर टायरच्या आतून बोटं हळूहळू फिरवली, तेव्हा काट्याचं तुटकं टोक सापडलं. ते राहिलं असतं तर नवी ट्यूबही लगेच गेली असती. हे काम एकट्याने करणं खरंच अवघड आहे.

आता तोटे. डांबरावर वेग वाढला की घूं असा आवाज येतो, तो इंटरकॉमवरही ऐकू जातो. ओल्या डांबरावर ब्रेकिंगचं अंतर वाढतं, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लवकर जागं होतं. पावसात मी दुप्पट अंतर ठेवतो. पुढची बटणं ब्रेकिंगमुळे एका बाजूने झिजून करवतीसारखी झालीत, म्हणून हँडलला थोडी थरथर जाणवते. मागचा टायर मधोमध चपटा झालाय. हे डांबरावर सरळ पळवल्याचं फळ.

ज्याचा बहुतेक प्रवास डांबरावर होतो त्याने हे घेऊ नयेत, रोड टायरच जास्त सुरक्षित. कच्च्या रस्त्यावर वारंवार जाणाऱ्याने मात्र जरूर घ्यावेत आणि त्याच दिवशी चांगला प्रेशर गेजही घ्यावा. माझा मागचा बदलायला आलाय, पुढचा अजून निम्मा शिल्लक आहे. मागे पुन्हा हाच टाकणार.