बोटावरचा पल्स ऑक्सिमीटर: गोऱ्या त्वचेवर बरा, काळ्या त्वचेवर बेभरवशी

अमेरिकेत औषधांच्या दुकानात हा चिमटा सहज मिळतो. लाल (६६० नॅनोमीटर) आणि अवरक्त (९४० नॅनोमीटर) प्रकाश बोटातून पाठवायचा, किती शोषला गेला त्यावरून रक्तातला ऑक्सिजन काढायचा. त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही प्रकाश शोषतं, तिथे हिशोब चुकतो. चूकही बहुधा एकाच दिशेची: आकडा खऱ्यापेक्षा जास्त.

डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी रुग्णांचे आकडे छापले. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात ८८ च्या खाली ऑक्सिजन निघाला, तो कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा, गोऱ्यांत ३.६ टक्के. कोविडमध्ये उपचार याच आकड्यावर ठरत होते! औषधं आणि वैद्यकीय यंत्रं तपासणारं अमेरिकी सरकारी खातं म्हणजे एफडीए. तिच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत यंत्राच्या चाचणीला गडद त्वचेची किमान दोन माणसं किंवा १५ टक्के, यातलं जे जास्त ते पुरे होतं. म्हणजे दहा जणांत दोन. जानेवारी २०२५ च्या मसुद्यात चाचणीसाठी किमान दीडशे लोक सुचवले आहेत. उशिरा सुचलेलं शहाणपण.

दुकानातली बरीच यंत्रं 'वेलनेस'च्या नावाखाली एफडीएच्या तपासणीशिवाय विकली जातात. वेष्टनावर एफडीएची मंजुरी नसेल तर घेऊ नका. नेलपॉलिश काढा, हात गरम करा, बोट स्थिर ठेवा, आकडा थांबेपर्यंत वाट पाहा. ९० म्हणजे प्रत्यक्षात ८६ ते ९४ काहीही असू शकतं, तेव्हा एका आकड्यापेक्षा तो उतरत चालला आहे का ते पाहा. गडद त्वचेच्या माणसाला धाप लागत असेल, तर ९५ दिसलं तरी दवाखाना गाठा आणि धमनीतल्या रक्ताची तपासणी मागा.